'अमुक-फ्री' लिहिलंय खरं, पण त्या जागी आलं काय?

परीक्षानळी (धागाकर्ती)

शाम्पू, लोशन, भांडी घासायचं लिक्विड असल्या वस्तूंचे फॉर्म्युले जमवणं हे गेली चौदा वर्षं माझं पोटापाण्याचं काम. बाटलीच्या दर्शनी बाजूवर काय छापायचं ते मार्केटिंगवाले ठरवतात. पाठीवर बारीक अक्षरांत घटकांची यादी असते ती आमच्या टेबलावरून जाते. या दोन बाजूंचं आपसांत फारसं बोलणं नसतं, आणि धागा त्याबद्दलच आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे फर्मान आलं, लोशनमधून पॅराबेन काढा, दीड महिन्यात. का, तर 'ग्राहकांना नकोय'. बरं, त्या जागी काय घालू? 'ते तुम्ही बघा.'

पॅराबेन हे प्रिझर्व्हेटिव्हचं, म्हणजे मालात जंतू वाढू न देणाऱ्या रसायनांचं, जुनं घराणं, १९२० च्या दशकापासून वापरात असलेलं. २००४ साली ब्रिटनमधला एक अभ्यास गाजला. त्यात स्तनाच्या गाठींच्या वीस नमुन्यांमध्ये पॅराबेनचे अंश सापडले होते. त्यांच्यामुळेच गाठी झाल्या असं त्या अभ्यासाने म्हटलं नव्हतं, निरोगी ऊतींशी तुलनाही केलेली नव्हती. पण बातमीला पाय फुटले की ती थांबते थोडीच. बघता बघता सगळ्या बाटल्यांवर 'पॅराबेन-फ्री' झळकू लागलं.

आता लोशन म्हणजे पाणी, तेल आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारं काहीतरी. जंतूंसाठी ही मेजवानीच. प्रिझर्व्हेटिव्ह काढला की ती जागा रिकामी राहत नाही, तिथे दुसरं कोणीतरी येऊन बसतंच. बऱ्याच ठिकाणी येऊन बसलं ते मिथाइलआयसोथायझोलिनोन. पुढे नुसतं एमआय म्हणते, नाहीतर टंकताना बोटं मोडतील.

हे एमआय नवीन नव्हतं. १९८० च्या दशकापासून ते आपल्या क्लोरीनवाल्या भावंडाबरोबर जोडीने वापरात होतं. एक भाग एमआय, तीन भाग भावंड, आणि दोघं मिळून दहा लाखांत जास्तीत जास्त १५ भाग. म्हणजे एकट्या एमआयच्या वाट्याला चारसुद्धा नाहीत. २००५ मध्ये युरोपने सौंदर्यप्रसाधनांत एमआय एकटं वापरायला परवानगी दिली, तीही दहा लाखांत १०० भागांपर्यंत. पंचवीस पटींहून जास्त! भावंड कडक, हे सौम्य, अशी समजूत होती. क्रीम, वेट वाइप्स, सगळीकडे ते शिरलं. भिंतीच्या रंगांतही होतंच. काही वर्षांत त्वचारोगाच्या दवाखान्यांत हात सुजलेले, चेहरा लाल झालेले लोक दिसू लागले. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या (एखादा पदार्थ त्वचेला लागून होणाऱ्या त्रासाच्या) डॉक्टरांच्या संघटनेने एमआयला 'वर्षाचा अॅलर्जीकारक पदार्थ' ठरवलं. २०१७ पासून युरोपात अंगावर लावून ठेवायच्या उत्पादनांत त्याला बंदी आली.

आणि २०१९ मध्ये त्याच संघटनेने 'वर्षाचा अॅलर्जी न करणारा पदार्थ' म्हणून कोणाची निवड केली असेल? पॅराबेनची. ते वाचलं त्या दिवशी मी प्रयोगशाळेत एकटीच हसत बसले होते.

आता माझ्या लोशनचं. पॅराबेन काढून मी एक सौम्य म्हणवणारा पर्याय घातला आणि नमुना चॅलेंज टेस्टला पाठवला. या चाचणीत तयार लोशनमध्ये मुद्दाम जंतू सोडतात, दर मिलिलिटरला लाखाच्या घरात. मग सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी किती उरले ते मोजतात. कमी झाले पाहिजेत आणि कमीच राहिले पाहिजेत. माझा नमुना सातव्या दिवशी पास, चौदाव्या दिवशी सपाट आपटला. प्लेट उघडली तर हिरवट झाक आणि द्राक्षांसारखा गोडसर वास. स्यूडोमोनास. अजूनही तसा वास कुठे आला की माझ्या पोटात गोळा येतो. डोळ्यांना इजा झालेल्या किंवा भाजलेल्या माणसाला हा जंतू फार वाईट पडतो.

शेवटी एकट्या कोणाच्या खांद्यावर भार न टाकता चारपाच ठिकाणी थोडा थोडा वाटला. लोशन जरा आम्लधर्मी केलं. पाण्यातले धातू पकडून ठेवायला ईडीटीए असायचं, ते निसर्गात लवकर मोडत नाही. त्याऐवजी जीएलडीए घेतलं, जे मोडतं. जंतूंना धातू मिळाले नाहीत की तेही ढिले पडतात. आणि रुंद तोंडाची डबी काढून पंपाची बाटली घेतली, कारण डबीत रोज बोट बुडतं आणि बोटाबरोबर वस्ती येते. प्रिझर्व्हेटिव्ह लागला, पण निम्म्याहून कमी. दीड महिन्याचं काम सात महिन्यांवर गेलं आणि मला 'उशीर करणारी' ही पदवी मिळाली.

तर माझं म्हणणं इतकंच की कंपनीने काय काढलं याच्या जाहिराती भरपूर असतात. त्या जागी काय आणलं, का आणलं, आणि आणण्याआधी कुठल्या परीक्षा घेतल्या, हे कोणी विचारत नाही. तुमच्या कामात, घरात असलं काही पाहिलंय का?

---

नुसताच_वाचक

खुर्ची टाकून बसलोय. त्या पंपाच्या बाटलीचं मला कधी सुचलंच नसतं. बाटली बदलून रसायन कमी करायचं!

---

शंकेखोर

लेख छान, पण मुळातच एक शंका. पाणी हेही रसायनच आहे आणि मीठ मापाबाहेर खाल्लं तर तेही मारतं. विष मात्रेत असतं हे आपण शाळेत शिकलो. मग दहा लाखांत पंधरा भाग असल्या चिमूटभर गोष्टींवर एवढं रान का उठवायचं? मात्रा पाळा, संपलं. हे 'हरित रसायनशास्त्र' म्हणजे लोकांच्या भीतीला दिलेलं सभ्य नाव वाटतं मला.

---

परीक्षानळी

@शंकेखोर, अर्ध्या भागाशी सहमत. 'केमिकल-फ्री' असं लिहिलेली बाटली रिकामीच असायला हवी, त्यात वाद नाही.

पण 'मात्रा पाळा' म्हणणं सोपं आहे. धोका म्हणजे पदार्थाची मूळची घातकता गुणिले तुमच्या अंगाशी आलेला संपर्क. शंभर वर्षं आपण फक्त दुसऱ्या आकड्याशी खेळत आलो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, झाकण घट्ट लावा, मुलांपासून दूर ठेवा. ही सगळी माणसाने पाळायची पथ्यं आणि माणूस विसरतो. मोजा फाटतो. पहिला आकडाच लहान केला तर विसरलं तरी भागतं. पॉल अॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची जी बारा तत्त्वं मांडली त्यातला माझ्या कामाचा भाग एवढाच. रेणू कागदावर असतानाच त्याला निरुपद्रवी करायचा प्रयत्न करा, बाजारात गेल्यावर त्याच्यामागे धावू नका. कचरा झाल्यावर निस्तरण्यापेक्षा तो होऊच देऊ नका, हे तर पहिलंच तत्त्व.

आणि मात्रेबद्दल. ती दगडावर कोरलेली नसते हो. काही प्लॅस्टिकं बनवताना लागणारं बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, रोज किती पोटात गेलेलं चालेल याचा आकडा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये ठरवला होता, वजनाच्या दर किलोमागे ४ मायक्रोग्रॅम. २०२३ मध्ये तोच आकडा त्यांनी ०.२ नॅनोग्रॅमवर आणला.

---

शंकेखोर

म्हणजे वीस हजार पट कमी? शून्यं जास्त पडली का?

---

परीक्षानळी

शून्यं बरोबर आहेत. आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्हीच शोधून आणाल. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेला आणि युरोपच्याच औषध संस्थेला तो नवा आकडा पटला नाही. जर्मनांनी स्वतःचा काढला, २०० नॅनोग्रॅम. जुन्या आकड्याच्या तुलनेत तोही वीस पट खालीच. तज्ज्ञांचं मात्रेवर एकमत होईपर्यंत वस्तू बाजारात दहा-पंधरा वर्षं काढून मोकळी झालेली असते, एवढंच माझं म्हणणं.

---

दोघींची_आई

नळीताई, थांबा. माझ्या मुली लहान असताना मी सगळ्या बाटल्या 'बीपीए-फ्री' बघून घेतल्या होत्या. आता तुमचं वाचून पोटात धस्स झालंय. त्या जागी काय आलं होतं मग?

---

परीक्षानळी

@दोघींची_आई, घाबरू नका. लहान मुलांच्या बाटल्यांत बहुतेक वेळा प्लॅस्टिकच दुसरं घेतलं गेलं. पॉलिप्रॉपिलीन, किंवा काच. तिथे बीपीएची गरजच उरली नाही, म्हणून ती बदली बरी झाली.

फसलं ते बिलाच्या कागदावर. दुकानातल्या यंत्रातून जो गुळगुळीत कागद बाहेर येतो त्यावर शाई नसते. कागदावरच रंगद्रव्य आणि त्याला उष्णतेने जागं करणारं रसायन यांचा थर असतो. ते जागं करणारं रसायन म्हणजे बीपीए. प्लॅस्टिकमध्ये ते साखळीत बांधलेलं असतं, या कागदावर मोकळं, म्हणून बोटांना लागतं. युरोपने जानेवारी २०२० पासून त्यावर मर्यादा घातली, वजनाच्या ०.०२ टक्के. कागदवाल्यांपैकी अनेकांनी काय केलं? बीपीए काढून बीपीएस आणलं. सख्खा चुलतभाऊ. दोन्ही रेणूंची चित्रं शेजारी ठेवलीत तर रसायनशास्त्र न शिकलेल्यालाही नातं दिसेल, मधला फक्त एक सांधा बदललाय. बीपीए शरीरात संप्रेरकांची नक्कल करतं ते त्याच्या ठेवणीमुळे, मग तीच ठेवण असलेला भाऊ वेगळं काय करणार? २०२३ मध्ये युरोपने बीपीएसलाही 'अतिचिंताजनक पदार्थां'च्या यादीत टाकलं.

कागदावर 'बीपीए-फ्री' छापलेलं मात्र अक्षरशः खरं होतं.

---

खरेदीखाते

मी कच्च्या मालाच्या खरेदीत आहे, म्हणजे नळीताई ज्यांना शिव्या घालत असतील त्या खात्यात. 'त्या जागी काय आणलं ते विचारा' म्हणणं सोपं. आम्ही विचारतो, उत्तर कोण देतं?

एक प्रसंग सांगतो, नावं गाळून. एका क्लीनरसाठी सुगंध घ्यायचा होता. पुरवठादाराला लिहिलं, पूर्ण घटक द्या. आली सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालातल्या धोक्यांचं माहितीपत्रक. तिसऱ्या विभागात घटक असतात, तिथे तीन नावं आणि खाली 'उर्वरित मालकी गोपनीय'. परत लिहिलं. उत्तर आलं की 'आमचं उत्पादन सर्व लागू नियमांचं पालन करतं'. तिसऱ्यांदा लिहिलं तर एक प्रमाणपत्र आलं, त्यात तेच वाक्य जरा मोठ्या अक्षरांत आणि खाली गोल शिक्का. एका सुगंधात पन्नासच्या वर घटक सहज असू शकतात आणि माझ्या फाइलमध्ये तीन! शिवाय त्या शीटमध्ये घातक पदार्थ एका ठरावीक टक्क्याच्या वर असेल तरच लिहायचा नियम. खालचे सुटतात.

शेवटी फॉर्म्युला मला दाखवू नका, तिऱ्हाईत विषशास्त्रज्ञाला दाखवा, तो गोपनीयतेच्या करारावर सही करेल आणि मला फक्त पास-नापास सांगेल, असा मार्ग काढला. चार पुरवठादारांपैकी दोन तयार झाले. उरलेल्या दोघांकडून खरेदी बंद करायला मला वर सहा महिने भांडावं लागलं, कारण ते स्वस्त होते.

---

फेसबुडबुडा

सांडपाणी शुद्धीकरणात हयात गेली, आता निवृत्त. तुमच्या यादीत सगळ्या फसलेल्या बदल्या आहेत, म्हणून एक जमलेली सांगतो.

१९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेत कपडे धुवायच्या नव्या डिटर्जंटांनी धुमाकूळ घातला होता. नद्यांवर फेसाचे डोंगर. काही ठिकाणी नळातून ग्लासात घेतलेल्या पाण्यालाही फेस यायचा. कारण काय, तर फेस करणाऱ्या रेणूची शेपटी फांद्याफांद्यांची होती. जंतू शेपटी एका टोकाकडून कुरतडत येतात. फांदी आली की अडतात. म्हणून तो रेणू आमच्या टाक्यांतून न मोडता तसाच पुढे जायचा.

उपाय काय केला? शेपटी सरळ केली. बाकी जवळपास तेच. फांद्या काढल्या आणि जंतूंनी फडशा पाडला. जर्मनीत कायदा आला, अमेरिकेत उत्पादकांनी १९६५ पर्यंत बदल उरकला. 'हरित रसायनशास्त्र' हा शब्द जन्माला यायच्या पंचवीस वर्षं आधीची ही गोष्ट. डबा तोच, कपडे तसेच स्वच्छ, घरात कोणाला पत्ताही नाही.

आमच्या टाकीवर काम करणाऱ्याला एकच परीक्षा कळते. हा रेणू कोणी खाणार का, आणि खाऊन झाल्यावर काय उरणार.

---

परीक्षानळी

काका, 'कोणी खाणार का' हे मी उद्या फळ्यावर लिहिणार आहे. बारा तत्त्वांतलं दहावं तत्त्व म्हणजे हेच. काम झालं की मोडून जाईल अशी वस्तू घडवा.

याच्या उलट टोकाला पीएफएएस, म्हणजे न चिकटणाऱ्या, पाणी न धरणाऱ्या थरांसाठी वापरली जाणारी फ्लोरिनवाली रसायनं. कार्बन-फ्लोरिन बंध हा सेंद्रिय रसायनशास्त्रातला सगळ्यात मजबूत एकेरी बंध, तो खाणारं कोणीच नाही. म्हणून तर 'कायमची रसायनं' म्हणतात. त्यांच्यातल्या आठ कार्बनवाल्या पीएफओएवर गदा आली तेव्हा काहींनी लहान साखळीची आणली. साखळी आखूड झाली, बंध तोच.

---

रिअॅक्टरवाला

मी औषधांच्या कारखान्यात असतो. इथे सगळी चर्चा बाटलीत काय आहे यावर चाललीय. बाटलीत जे कधीच येत नाही त्याचं काय?

आयबुप्रोफेन घ्या. १९६० च्या दशकातली मूळची पद्धत सहा पायऱ्यांची. आत घातलेल्या अणूंपैकी ४० टक्के गोळीत पोचायचे, ६० टक्के कचऱ्यात. १९९० च्या दशकात नवी पद्धत आली, तीन पायऱ्यांची. ७७ टक्के अणू गोळीत, आणि वाटेत निघणारं अॅसेटिक आम्ल परत वापरलं तर आकडा ९९ वर जातो. गोळी हुबेहूब तीच. डोकेदुखीवाल्याला फरक शून्य. फरक पडला तो कारखान्यामागच्या नाल्याला.

ही 'अणूंची काटकसर' मोजायची कल्पना बॅरी ट्रॉस्ट यांची, १९९१ ची. रॉजर शेल्डन यांचं माप त्याहून रोखठोक: एक किलो मालामागे किती किलो कचरा. तेलशुद्धीकरणात तो आकडा ०.१ च्या आसपास असतो. आणि आम्ही औषधवाले, पांढऱ्या कोटातले स्वच्छ लोक? २५ ते १००, कधी त्याहूनही जास्त. एक किलो औषधामागे शंभर किलो घाण! पहिल्यांदा तो तक्ता पाहिला तेव्हा मी आकडे उलटे छापलेत असं समजलो होतो.

अर्थात नव्या आयबुप्रोफेन पद्धतीतही हायड्रोजन फ्लोराइड लागतं, आणि त्याच्याइतका भयानक पदार्थ मी हाताळलेला नाही. ते परत गोळा करून वापरतात, ठीक. पण 'हरित' म्हटलं म्हणून कोणी डोळे मिटून घेऊ नका. तिथे काम करणाऱ्याला विचारा.

---

खाजवैद्य

त्वचारोगतज्ज्ञ आहे, नाव टोपणच बरं. एमआयची ती लाट मी ओपीडीत अंगावर घेतली आहे. पॅच टेस्टच्या (संशयित पदार्थ त्वचेला चिकटवून अॅलर्जी तपासायच्या) पट्ट्या काढायच्या आणि त्याच एका चौकोनाखाली लाल गोल दिसायचा. पेशंट म्हणायचे, 'पण डॉक्टर, मी तर सगळं सौम्यच वापरते.' सौम्यच वापरत होत्या, खोटं नाही.

दोन पुरवण्या जोडतो. पहिली, 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक हे डोक्यातून काढा. लिनालूल हा फुलांतला सुगंधी रेणू, अगदी निसर्गातला. बाटली उघडी राहिली, हवा लागली की त्याचं ऑक्सिडीकरण होतं, आणि जे तयार होतं त्याची अॅलर्जी मी आठवड्याला बघतो. दुसरी गंमत नळीताईंसाठी. तुम्ही मंडळी शाम्पूला फेस आणणारं एसएलईएस काढून साखरेपासून केलेले ग्लुकोसाइड आणता ना, झाडाचं चित्र छापून? २०१७ चा 'वर्षाचा अॅलर्जीकारक पदार्थ' बघा कोण होता ते.

---

परीक्षानळी

डॉक्टर, मर्मावर बोट ठेवलंत. अल्किल ग्लुकोसाइड. माझ्या दोन शाम्पूंत आहेत आणि मी ते बदलणार नाही. कारण सांगते, मग ठरवा.

एसएलईएस बनवताना इथिलीन ऑक्साइड लागतं आणि वाटेत थोडं १,४-डायॉक्सेन तयार होतं. ते कोणी घातलेलं नसतं म्हणून यादीत दिसत नाही. त्यामुळे कॅन्सर होण्याची शक्यता मानली जाते, आणि सांडपाण्याच्या टाकीतूनही ते सहज जात नाही, काका सांगतीलच. निर्वात करून बरंचसं काढता येतं, पण काढायला लावावं लागतं. न्यूयॉर्क राज्याने कायदा करून साबण-शाम्पूंसाठी २०२३ च्या अखेरपासून दहा लाखांत एक भाग अशी मर्यादा घातली, तेव्हा जे 'अशक्य' होतं ते वर्षा-दोन वर्षांत शक्य झालं.

ग्लुकोसाइडची अॅलर्जी होते, पण थोड्यांना, आणि ज्याला होते त्याला बाटलीवर नाव वाचून टाळता येते. डायॉक्सेन कोणाला टाळता येतं? माझी निवड ही अशी आहे. निर्दोष काहीच नाही. कुठला दोष कोणाच्या डोक्यावर पडतो ते बघून मी ठरवते.

---

खाजवैद्य

हे पटलं. नावानिशी छापलेला शत्रू मला परवडतो.

आणखी एक, ट्रायक्लोसान. वर्षानुवर्षं 'जंतुनाशक' साबणांत होतं. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषध प्रशासनाने, ते आणि आणखी अठरा पदार्थ घरगुती जंतुनाशक साबणांतून बाद केले. कारण? साध्या साबण-पाण्यापेक्षा त्याने जास्त फायदा होतो हे उत्पादकांना दाखवता आलं नाही. तिथे बदली शोधायचीच नव्हती. ते काम मुळातच साबण करत होता.

---

शंकेखोर

मान्य, मी जरा मवाळ झालोय. पण आता उलट शंका. इथल्या गोष्टी ऐकून सगळ्या कंपन्या लबाड आणि सगळे केमिस्ट साधुसंत वाटायला लागलेत. एखादी कंपनी आपणहून चांगलं वागली आणि तिचं भलं झालं, असं उदाहरण आहे का?

---

खरेदीखाते

आपणहून चांगलं वागली आणि तिचं *नुकसान* झालं, असं आहे. एस. सी. जॉन्सनची सारान रॅप, अन्न झाकायची चिकटणारी पातळ प्लॅस्टिक. मूळची पीव्हीडीसीची, म्हणजे क्लोरीनवाली. त्यांनी २००१ मध्ये 'ग्रीनलिस्ट' नावाची घरचीच पद्धत काढली होती, प्रत्येक कच्च्या मालाला गुण द्यायची. तिचा हिशेब आणि क्लोरीनवालं प्लॅस्टिक जाळल्यावर होणारा त्रास बघून २००४ मध्ये त्यांनी सारानचं पॉलिएथिलीन केलं. नवं तितकं चिकटत नव्हतं, वास आणि ओलावाही तितका रोखत नव्हतं. बाजारातला वाटा घसरला. कंपनीच्या प्रमुखांनी पुढे स्वतःच ही गोष्ट लिहिली आणि निर्णयाचा पश्चात्ताप नाही असं सांगितलं. लक्षात घ्या, ती घराण्याची कंपनी आहे, शेअर बाजारात नाही. तिमाहीला जाब विचारणारं कोणी नाही. माझ्या साहेबाने असं केलं असतं तर पुढच्या तिमाहीत साहेब नसता.

अवांतर: आमच्या शाश्वतता अहवालात कार्बनला अकरा पानं आहेत, पाण्याला सहा, झाडं लावतानाच्या फोटोंना चार. मालात कुठली घातक रसायनं आहेत याला एक परिच्छेद, आणि त्यात तेच वाक्य, 'सर्व लागू नियमांचं पालन'. गोल शिक्का तेवढा राहिला.

---

परीक्षानळी

@शंकेखोर, भलं झाल्याचंही आहे, पण ते लाकडात. प्लायवुडच्या थरांना चिकटवणारा डिंक बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा असतो. तो वर्षानुवर्षं घरात फॉर्माल्डिहाइड सोडत राहतो, आणि ते कॅन्सर करणारं आहे यात आता वाद नाही. ओरेगन स्टेट विद्यापीठातले कैचांग ली समुद्रकिनाऱ्यावर शिंपल्यांकडे बघत होते. लाटा आदळतात तरी शिंपला खडकाला चिकटून कसा? तर त्याच्या प्रथिनांमुळे. तशी करामत सोयाबीनच्या प्रथिनांकडून करून घेता येईल का, असा त्यांनी प्रयत्न केला. जोडीला ओल्या कागदाला बळकटी देणारं एक राळ घेतलं. एका मोठ्या प्लायवुड कंपनीने ते उचललं आणि २००७ मध्ये त्या सगळ्यांना मिळून अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला.

मला यातलं आवडतं ते असं की त्यांनी 'फॉर्माल्डिहाइडऐवजी कुठला आल्डिहाइड' असं विचारलंच नाही. ओल्यात चिकटून राहणं हे काम आणखी कोणाला येतं, असं विचारलं. बीपीएवाल्यांनी भाऊ शोधला, यांनी काम करणारा शोधला.

---

नुसताच_वाचक

शेवटचं वाक्य वहीत उतरवलं.

---

दोघींची_आई

हे सगळं वाचून मी काल रात्री कपाट उपसलं. मागे एक वेट वाइप्सचं पाकीट सापडलं, मुली लहान असतानाचं. पुढे बाळाचा फोटो आणि ठळक 'पॅराबेन-फ्री'. मागे भिंगाने वाचलं, शेवटून तिसरं नाव मिथाइलआयसोथायझोलिनोन. धाकटीच्या तोंडाभोवती तेव्हा महिनोन्महिने पुरळ होतं. आम्ही दात येताहेत म्हणून समजत होतो.

---

खाजवैद्य

त्या पुरळामागे तेच होतं असं आता इथून सांगता येणार नाही. पण तोंडाभोवती आणि लंगोटाच्या जागी, न जाणारं, अशी मुलं तेव्हा आमच्याकडे यायची आणि वाइप्स बंद केल्यावर बरी व्हायची. अजून कधी उठत असेल तर पॅच टेस्ट करून घ्या, आणि ते पाकीट डॉक्टरांना दाखवा.

---

परीक्षानळी

आणि तारीख काय आहे पाकिटावर?

---

दोघींची_आई

२०१५ ला संपलंय. डॉक्टरांचं वाचायच्या आधीच फेकून दिलं. मागच्या बाजूचा फोटो आहे मात्र.

---

फेसबुडबुडा

फेकलंत कुठे? फ्लशमध्ये नाही ना?

---

दोघींची_आई

काका, केराच्या डब्यात! पाकिटावर 'फ्लश करता येण्याजोगे' लिहिलं होतं तरीसुद्धा.

---

फेसबुडबुडा

त्या दोन शब्दांवर वेगळा धागा काढतो. पंपात अडकलेल्या गोळ्याचे फोटो आहेत माझ्याकडे, जेवायच्या वेळी उघडू नका.